प्रभूची इच्छा आणि मामांची कौलं

धीर हा मराठीतला एक चमत्कारिक जिन्नस आहे. तो धरता येतो, तो सुटतो, खचतो, एकवटतो आणि मुख्य म्हणजे देता येतो. आता इतर कुठलीही वस्तू दुसऱ्याला द्यायची तर ती आधी आपल्याजवळ असावी लागते. उसनी साखर द्यायची म्हटली तरी डब्याच्या तळाशी ती हवी. धीर मात्र स्वतःजवळ गुंजभर नसला तरी दुसऱ्याला पायलीभर देता येतो. म्हणून तर कुणाच्या घरी दुखणंबाणं आलं की धीर देणाऱ्यांची रीघ लागते. ही माणसं हात हलवत येतात, कपभर चहा घेतात, धीर देतात आणि साडेसातची एस.टी. गाठायला उठतात. ती एस.टी. दहा मिनिटं उशिरा आली तर स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन जो काय गोंधळ घालतात, तो त्या दुखणेकऱ्यानं पाहिला तर तो बिचारा अंथरुणावर उठून बसेल.

आम्ही ख्रिस्ती मंडळी या देवाणघेवाणीत जरा जास्तच पुढे. आमच्याकडे धीर देण्यासाठी शास्त्राची वचनं आहेत, उपासना-संगीतातली पदं आहेत, आणि ज्याला यांतलं काही आठवत नाही त्याच्यासाठी दोन शब्दांचं एक तयार औषध आहे: ‘प्रभूची इच्छा!’ हे कुठल्याही दुखण्यावर चालतं. मुलीचं लग्न मोडलं, प्रभूची इच्छा. डाळ करपली, प्रभूची इच्छा. शेवटचं तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, आणि करपलेली डाळ समोर असल्यामुळे प्रभूच्या वतीनं मला वाईट वाटलं आहे.

माझे एक मामा जन्मभर या दोन शब्दांवर जगले. नगर जिल्ह्यात त्यांचं कौलारू घर. एका वर्षी वानरांच्या टोळीनं त्यावरून धावताना स्वयंपाकघरावरची कौलं फोडली. पहिल्या पावसात पाणी ठिबकायला लागलं. मामा ओसरीवर बसून म्हणाले, “प्रभूची इच्छा.” मामींनी खाली तपेलं लावलं. दुसऱ्या पावसात तपेलं, घमेलं आणि पाळण्याखाली परात, अशी तयारी करावी लागली. मामांची श्रद्धा तसूभरही ढळली नाही. तेव्हा मामी म्हणाल्या, “अहो, प्रभूनं नाही फोडली कौलं, वानरांनी फोडली. आणि त्यांचीसुद्धा तशी काही इच्छा नव्हती हो, ती आपली चिंचेवर निघाली होती.” मामांनी त्यांना अल्पविश्वासी ठरवलं. शेवटी मामींनीच गडी बोलावून घर शाकारून घेतलं. पुढच्या रविवारी मामांनी भर उपासनेत उभं राहून साक्ष दिली, की मी सर्व भार प्रभूवर टाकला आणि प्रभूनं माझं छप्पर नीट करून दिलं! मामी बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. शाकारणीचे पैसे त्यांनी अंडी विकून दिलेले होते.

आता या मामांना कुणी आळशी म्हणेल, पण तसं नव्हतं. भावाशी शेताच्या बांधावरून वाद निघाला तेव्हा हेच मामा सहा वर्षं तालुक्याच्या कोर्टात हेलपाटे घालत होते. बांधाच्या बाबतीत प्रभूची इच्छा काय आहे हे त्यांनी वकिलाला विचारलं होतं.

माझं कोडं इथूनच सुरू होतं. देवाला शरण जाणं आणि हातपाय गाळून बसणं, या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. दोन्हींत माणूस हात जोडून बसलेला असतो. फरक ओळखायचा कसा? बरं, ज्या पिढीत मी वाढलो तिला धीर शिकवण्याची वेगळी गरज नव्हती, ते काम सरकारनं केलं होतं. टेलिफोनसाठी नाव नोंदवावं आणि मुलाच्या बारशाला केलेला अर्ज त्याच्या मुंजीच्या वयात फळावा (आमच्यात मुंज नसते, पण वय सगळ्यांनाच होतं). स्कूटरचीही तीच तऱ्हा. रॉकेलच्या रांगेत उभ्या उभ्या सोयरिकी जमत. तो सगळा धीरच म्हणायचा, पण त्यातलं काही सद्गुणात जमा होईलसं वाटत नाही. दुसरा इलाज नव्हता म्हणून माणसं उभी होती. मागून कुणी घुसला की त्यांचा सद्गुण लगेच कळायचा.

धीराचा विषय निघाला की आमच्याकडे ईयोबाचं नाव हमखास निघतं. बिचाऱ्याची मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड उठले, तरी त्यानं ब्र काढला नाही, असं सांगतात. सांगणाऱ्यांनी ते पुस्तक पुरतं वाचलं असेल तर शपथ! ईयोबाचं पुस्तक बेचाळीस अध्यायांचं आहे. त्यात ईयोबानं ब्र काढला नाही ही गोष्ट पहिल्या दोन अध्यायांपुरती खरी. तिसऱ्यात तो तोंड उघडतो तो आपल्या जन्मदिवसाला शाप देण्यासाठी, आणि मग पुढचे पुष्कळ अध्याय देवाशी सरळ भांडतो. माझा गुन्हा दाखव म्हणतो, समोर ये म्हणतो. शांत असतात ते त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर. हे तिघं समाचाराला आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. साऱ्या पुस्तकात त्यांनी केलेलं चांगलं काम एवढंच. आठव्या दिवसापासून त्यांनी धीर द्यायला सुरुवात केली. देव न्यायी आहे, तुझंच काही चुकलं असेल, निमूट सोस, वगैरे वगैरे. आपल्याकडच्या कुठल्याही समाचाराच्या बैठकीत शोभतील असे हे तीन गृहस्थ. आणि गंमत पाहा, शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो या तिघांवर! माझ्याविषयी ईयोब जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना बजावतो. वर ईयोबानंच त्यांच्यासाठी रदबदली करायची. म्हणजे सगळ्या जगात धीराचा नमुना म्हणून ज्याचं नाव घेतात तो गृहस्थ चांगला खणखणीत भांडखोर होता. याकोबाच्या पत्रात त्याच्या धीराचं कौतुक आहे ते ध्यानात घेऊन लोक मोकळे होतात, मधले अध्याय वाचायला त्यांना धीर नसतो.

या ठिकाणी एक गोष्ट नमूद केल्याशिवाय राहवत नाही. धीर धरा हे बहुतेक वेळा वरच्यानं खालच्याला सांगितलेलं असतं. सासूनं सुनेला, सावकारानं कुळाला, साहेबानं चपराशाला. उलटं घडल्याचं ऐकिवात नाही. नगर आणि मराठवाड्याकडचा आमचा समाज बहुतेक महार-मांग वस्त्यांतून आलेला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्या माणसाची जात मात्र कागदावर धुऊन निघाली, आणि गावच्या पाणवठ्यावर होती तिथेच राहिली. २००४ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, २०२२ साली केंद्र सरकारनं त्यासाठी आयोग नेमला. या साऱ्या वर्षांत या लोकांना धीराचा उपदेश काही कमी झाला नसेल. अर्ज करणाऱ्या माणसाला ‘शरण जा’ म्हणून खाली बसवणं आणि स्वतः कुणी शरण जाणं यांत अंतर आहे, आणि हे अंतर व्यासपीठावरून पुष्कळदा दिसत नाही.

आमच्या जुन्या पाळकसाहेबांना ते दिसत असावं. ग्रीक शिकलेला माणूस. त्यांनी एकदा या विषयावर उपदेश केला, तो इतका लांबला की विषयाचं प्रात्यक्षिकही त्यातच झालं. पण त्यांतला एक मुद्दा मनात राहिला. नव्या करारात धीरासाठी दोन निरनिराळे शब्द आहेत. एक ‘माक्रोथुमिया’. माक्रोस म्हणजे लांब आणि थुमोस म्हणजे मनात उसळणारा राग. ज्याच्या रागाची वात लांब आहे, लगेच भडका होत नाही, असा माणूस. हा धीर माणसांच्या बाबतीत धरायचा. पौलानं आत्म्याच्या फळांची जी यादी गलतीकरांना कळवली तीत याचा चौथा नंबर. दुसरा शब्द ‘हुपोमोने’. हुपो म्हणजे खाली आणि मेनो म्हणजे राहणं. ओझ्याखाली टिकून राहणं. हा धीर परिस्थितीच्या बाबतीत. पाळकसाहेब म्हणाले, “मार्केट यार्डातला हमाल पाहा. पोतं पाठीवर घेतो तेव्हा तो काही पोत्यावर खूश नसतो. पण मधेच टाकत नाही, आणि पोतं पाठीवर असताना उभाही राहत नाही. चालत असतो.” मंडळीत दोन हमाल होते. एवढा वेळ पेंगत होते, ते एकदम ताठ बसले.

हमालाचं ऐकलं आणि मला माझी मावशी आठवली. तिच्या यजमानांना अर्धांगवायू झाला आणि ते अकरा वर्षं अंथरुणावर होते. मावशी काही गोड स्वभावाची बाई नव्हती. नवऱ्यावर ओरडायची, दूधवाल्यावर ओरडायची, आणि रात्री प्रार्थनेला बसली की देवावरसुद्धा जरा आवाज चढायचा. शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला वाटावं, देव ऐकायला कमी असावा. पण दर दोन तासांनी ती उठून काकांची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची. अकरा वर्षांत त्या माणसाच्या पाठीला जखम झाली नाही. डॉक्टरसुद्धा ही पाठ पाहून थक्क व्हायचे. एकदा मंडळीतल्या बायका भेटायला आल्या आणि त्यांतली एक पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “केवढा हो तुमचा धीर! आम्हाला नसता जमला.” मावशी घड्याळाकडे बघत म्हणाली, “धीर कुठला आणायचा, चार वाजले, सरका जरा, कूस बदलायची आहे.”

मावशी देवाला शरण गेली होती की नव्हती? पाळकसाहेबांच्या हिशेबानं गेली होती. तिला विचारलं असतं तर तिनं मला चहाचे कप विसळायला लावलं असतं.

आणि ओरडण्याचं म्हणाल, तर शरण जाण्याआधी मागून घ्यावं, रडून घ्यावं, ही रीत काही तिनं काढलेली नाही. गेथशेमाने बागेतली ती रात्र सगळ्यांना ठाऊक आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूनं पित्याची इच्छा मान्य केली, हा शेवट आम्ही धरून ठेवतो आणि कौलं फुटली की वापरतो. पण त्याच्या आधी काय घडलं? हा प्याला माझ्यापासून टळू दे, असं त्यानं आधी मागितलं, आणि मत्तयानं लिहिल्याप्रमाणे तीनदा जाऊन प्रार्थना केली. त्या प्याल्याची त्याला काही हौस नव्हती. पौलाच्या शरीरात कसला तरी काटा सलत होता, त्यानंही तो काढावा म्हणून तीनदा विनवणी केली. नाही म्हटल्यावर मग मुकाट्यानं कामाला लागला. आम्ही मागण्याचा भाग गाळून एकदम मान्य करण्यावर येतो, कारण मागायचं म्हणजे आपल्याला नक्की काय हवं आहे ते आधी बोलून दाखवावं लागतं, आणि त्याची लाज वाटते. बाकी त्या रात्री शिष्यांचा धीर वाखाणण्यासारखा होता. ते तिन्ही वेळा झोपलेले होते.

वसईचे माझे एक कॅथलिक स्नेही आहेत, त्यांच्याकडे या बाबतीत संत मोनिकेचा मान मोठा. २७ ऑगस्टला तिचा सण असतो. तिचा मुलगा ऑगस्तीन हुशार आणि वाया गेलेला, म्हणजे आईच्या जिवाला दुहेरी घोर. तिनं त्याच्यासाठी वर्षानुवर्षं रडून प्रार्थना केली, एवढं आपण ऐकलेलं असतं. पण बाईचा बाकीचा खटाटोप पाहण्यासारखा आहे. मुलाशी बोला म्हणून ती एका बिशपच्या इतकी मागे लागली की तो साधुपुरुष अखेर वैतागून म्हणाला, जा बाई आता, इतक्या आसवांचं लेकरू वाया जायचं नाही. हे खुद्द ऑगस्तीननंच लिहून ठेवलं आहे. पुढे हा चिरंजीव ३८३ साली कार्थेजच्या बंदरात आईला खोटं सांगून रातोरात जहाजानं रोमला पळाला. मोनिकेनं काय केलं? भार देवावर टाकला आणि स्वतः जहाजात बसून समुद्र ओलांडून मिलानपर्यंत त्याच्या मागोमाग गेली! ३८७ साली तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी ती वारली. आमचे मामा तिच्या जागी असते तर ओसरीवर बसून राहिले असते, आणि पुढे साक्ष मात्र तेच देते.

आपल्या मराठीतलं उदाहरण हवं तर लक्ष्मीबाई टिळक आहेतच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि इकडे ही तरुण बाई लहान मुलासह माहेरच्या-सासरच्या माणसांत राहिली. धर्म कोणाचा खरा हा प्रश्न तिच्यासाठी पुस्तकातला नव्हता. तो आपल्या पंगतीला कोण बसणार, असा होता. चार-पाच वर्षं ती नवऱ्यापासून दूर राहिली, मग आली, आली ती आपलं सोवळं सांभाळून, आणि स्वतःचं स्वतःला पटल्यावर १९०० साली तिनं बाप्तिस्मा घेतला. या काळात कोणी कोणासाठी धीर धरला याचा हिशेब लागत नाही. टिळकांचा स्वभाव तर असा, की मनात आलं की घरातून चालू लागावं आणि खिशात आलं की दुसऱ्याला देऊन टाकावं. अशा माणसानं बायकोचं मन वळेपर्यंत वाट पाहिली हे एक, आणि अशा माणसाबरोबर लक्ष्मीबाई राहिल्या हे दुसरं. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ सालापासून प्रसिद्ध होऊ लागली. ती वाचताना आपण हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं की बाईच्या ओझ्याला गणती नव्हती. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट होतं. ते कुणी पुरं करावं? शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी. देवाच्या इच्छेवर सोपवून गप्प बसण्याइतकं सबळ कारण त्यांच्याजवळ होतं.

पंडिता रमाबाईंविषयी विनोदी लेखात लिहू नये, पण हात थांबत नाही. आईबाप दुष्काळात गेले, नवरा लग्नाला दोन वर्षं होण्याआधी गेला, आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या वेळी केडगावच्या मुक्तीमध्ये बाईंच्या टेबलावर बायबलचं भाषांतर चाललेलं होतं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत, आणि त्याचे खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका. मनोरमेनंतरही ते काम सुटलं नाही. १९२२च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या. त्या काळात त्या रात्री काय बोलत असतील, कोणाशी भांडत असतील, ते ठाऊक नाही. सकाळी मुद्रितं तपासायला बसत असणार.

आता कुणी म्हणेल, एवढी माणसं सांगितलीत, पण देवाचं काय? त्यानं काही धीर धरला की नुसता आम्हालाच धरायला लावला? याचं उत्तर लूकच्या तेराव्या अध्यायात एका अंजिराच्या झाडाच्या गोष्टीत आहे, आणि ही गोष्ट मला साऱ्या शास्त्रात फार आवडते, कारण तिच्यात शेणखत आहे. मळेवाला येतो, तीन वर्षं झाली झाडाला फळ नाही, उगाच जागा अडवतंय, तोडून टाक म्हणतो. माळी म्हणतो, साहेब, एवढं एक वर्ष राहू द्या, मी भोवतीनं खणतो, खत घालतो, मग बघा. नाहीच आलं तर तोडा. पुरंदरकडच्या कुठल्याही अंजीरवाल्याच्या तोंडी शोभेल असं हे बोलणं आहे. हा माळी ‘मळेवाल्याची इच्छा’ म्हणून कुऱ्हाड उचलत नाही. मालक मी नाही, हेही तो जाणून आहे. एक वर्षाची मुदत मागतो आणि कुदळ आणायला जातो.

आमच्या शब्बाथशाळेत ही गोष्ट बाईंनी फळ्यावर झाड काढून शिकवली होती. गोष्ट संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका पोरानं उभं राहून विचारलं, “बाई, मग पुढल्या वर्षी अंजिरं लागली का?”

बाईंनी पुस्तकात पाहिलं. मग पान उलटून पाहिलं. लूकनं ते लिहिलेलंच नाही, पुढे एकदम अठरा वर्षं कुबड आलेल्या बाईची गोष्ट सुरू होते. बाईंनी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाल्या, “बस खाली. आता प्रार्थना.”